मदत हवी आहे : 'क्लॅपिंग म्युझिक' चौथ्यांदा सरकताना कोसळतं

मांडवीकाठ (रत्नागिरी)
एम.ए.च्या रचना विषयाच्या मुलांकडून अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइशचं 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२) बसवून घेतोय. नुसत्या टाळ्यांची रचना: पहिला गट एकच आवर्तन वाजवत राहतो, दुसरा त्यातच दर वेळी एक मात्रा पुढे सरकतो. तीनदा सरकतात, चौथ्यांदा हमखास विचका. शुक्रवारी प्रात्यक्षिक आहे. उपाय सांगा, इतिहास नको.

कुडाळी ठेका
मुलं गाण्याची की तबल्याची? सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कशी धरतात? सोबत काही लावलंय का?

खाडीपलीकडे
या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकून घ्या, वर्गात दिवा लावून ठेवा.

मांडवीकाठ
अहो, टाळ्यांची रचना आहे, तबला नाही! मुलं तबल्याची, सहा जण, तीन-तीनचे दोन गट. ॲपवर बारा मात्रांच्या एकतालाचा लेहरा (तालाला धरून फिरत राहणारी धून) चालू असतो.

कुडाळी ठेका
मग आधी लेहरा बंद करा. त्याची चाल समेकडे ओढते, मुलं तिच्यामागे जातात.
मूळ आवर्तन असं:
ता ता ता – ता ता – ता – ता ता –
८ टाळ्या, ४ मात्रा रिकाम्या (४, ७, ९, १२). सरकणं म्हणजे दुसऱ्या गटाने दर वेळी एक मात्रा गाळणं. पहिल्या तीन वेळा टाळी गळते, तीनच्या जागी दोन वाजतात. चौथ्यांदा रिकामी मात्रा गळते, म्हणून तीन आणि दोन जुळून सलग पाच टाळ्या येतात. मुलं सवयीने तीननंतर थांबतात, म्हणजे सरकतच नाहीत. तेवढाच सांधा वीस वेळा घ्या. बाराव्यांदाही पाचच. आठव्यांदा मात्र एकटी टाळी गळून लागोपाठ दोन मात्रा रिकाम्या राहतात.

पढंत
'गाळा' म्हणून शिकवू नका! दुसऱ्याने सम आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच ठेवायची, तीन टाळ्यांच्या गटावर नाही, अशी रचनाकाराचीच सूचना आहे. गाळायला शिकलेली मुलं सम सोबत घेऊन फिरतात, मग बाराही आवर्तनं त्यांना एकच वाटतात. प्रत्येक सरकण्यानंतरची ओळ वेगळी लिहा, पायाने सम दाखवत तोंडाने म्हणवून घ्या.
३) – ता ता – ता – ता ता – ता ता ता
४) ता ता – ता – ता ता – ता ता ता –
तिसरीची सम रिकामी आहे. तिथे पाय पडला नाही तर चौथी येणारच नाही.

कुडाळी ठेका
शुक्रवारपर्यंत बारा ओळी पाठ होतील? सांधे आधी, ओळी नंतर.

शिमगा
टाळ्यांऐवजी एका गटाला ढोल, दुसऱ्याला ताशा द्या. फरक लगेच कानात बसेल.

पढंत
नको. दोघांच्या टाळीचा नाद सारखाच हवा. नाद वेगळे झाले तर दोघांतून तयार होणारी तिसरी आकृती ऐकूच येत नाही.

मांडवीकाठ
लेहरा बंद, पायाने सम. पाच टाळ्यांचा सांधा सुटला. आता पहिला गटच दुसऱ्याकडे ओढला जातोय.

पढंत
पहिला गटही पायाने सम धरतोय ना?

मांडवीकाठ
नाही. फक्त दुसरा.