मदत हवी आहे : सायडिंगसकट भिंत आडवी बांधून उभी करायची आहे, शनिवारच्या आत उत्तर हवे

पाटण_ते_प्युजेट

नमस्कार. सिएटलजवळच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात आईबाबांसाठी मी स्वतः एक छोटे घर बांधत आहे. उत्तरेकडची भिंत शेजाऱ्यांच्या कुंपणाला इतकी लागून येते की, ती एकदा उभी झाली की बाहेरून शिडी लावून सायडिंग (भिंतीबाहेरचे पट्ट्यांचे आवरण) ठोकणे मला जमणार नाही. म्हणून ती आडवी असतानाच तिच्यावर ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते), हाउसरॅप (पाणी अडवणारे वेष्टन), न्हाणीघराची खिडकी आणि सायडिंग असे सगळे चढवावे आणि मग उभी करावी, असा माझा विचार आहे. भिंत २४ फूट लांब आहे. शनिवारी चार मित्र मदतीला येणार आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की सायडिंग कोपऱ्यापासून किती इंच अलीकडे थांबवावे? कृपया नेमके उत्तर द्यावे. लाकडी घर चांगले की वाईट, ही चर्चा इथे नको.

ओळंबा

चर्चा नको म्हणालात, तरी आईवडिलांसाठी घर बांधताना लाकूड का निवडले, हे विचारल्यावाचून राहवत नाही. मी पुण्यात तीस वर्षे बांधकामात आहे. आरसीसीची चौकट आणि एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंती यांना वाळवी लागत नाही आणि उभी करण्याची ही सर्कसही करावी लागत नाही.

रंधा

ओळंबासाहेब, त्यांचा आराखडा मंजूर झालेला असणार. आता ब्लॉकचा विषय काढून उपयोग काय?

धागाकर्ते, मी कॅल्गरीत राहतो आणि हौसेने दोन गॅरेजे व एक घर बांधले आहे. शीदिंग, म्हणजे चौकटीवरचे तक्ते, नेहमी भिंत आडवी असतानाच ठोकावे, या मताचा मी आहे, कारण शिडीवर चढून ओएसबीचा तक्ता एका हाताने धरून खिळे मारण्यात निम्मा वेळ वाया जातो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : कोपऱ्याला जी उभी पट्टी येणार आहे तिची रुंदी आणि वर अष्टमांश इंच, एवढे अंतर सोडून सायडिंग थांबवावे. साडेतीन इंची पट्टी असेल तर तीन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. ती पट्टी मागाहून बसवता येते, कारण कोपऱ्यापर्यंत हात शेजारच्या बाजूने पोहोचतो. हाउसरॅप मात्र तिथे कापू नये. फूटभर जास्त ठेवून गुंडाळून, पिन मारून ठेवावा, म्हणजे तो कोपऱ्यावरून वळवता येईल.

पण तुम्ही काही गोष्टी सांगितलेल्या नाहीत. खाली लाकडी फ्लोअर आहे की काँक्रीटचा स्लॅब? स्टड, म्हणजे भिंतीतले उभे वासे, टू-बाय-फोर (नावाला दोन बाय चार इंची) आहेत की टू-बाय-सिक्स? सायडिंग कशाचे आहे? आणि “इतकी लागून” म्हणजे नेमके किती?

पाटण_ते_प्युजेट

उत्तराबद्दल आभार. स्टड टू-बाय-सिक्स, १६ इंचांवर. सायडिंग फायबर सिमेंटचे. कुंपणापर्यंत ४० इंच. बाकी सगळे नेहमीसारखेच आहे.

खटपट_काका

नेहमीसारखे म्हणजे काय, ते बांधणाऱ्याने सांगावे लागते.

मी न्यू जर्सीत गॅरेज बांधताना नेमके हेच केले होते आणि पस्तावलो. चौकट जोडली, डोळ्यांना सरळ दिसली, ओएसबी ठोकला, हाउसरॅप लावला आणि आठ जणांनी मिळून भिंत उभी केली. ओळंबा लावला तेव्हा एका टोकाला पाऊण इंच कललेली निघाली. शीदिंग ठोकल्यानंतर भिंत ढकलून सरळ होत नाही, कारण तिला वाकू न देणे हेच शीदिंगचे काम आहे. अर्धे खिळे उपसायला आणि पुन्हा ठोकायला दोन रविवार गेले. माझा सल्ला असा की नुसती चौकट उभी करावी आणि बाकीचे नंतर पाहावे.

रंधा

काका, तुमची भिंत आडवी ठोकल्यामुळे बिघडली नाही, गुण्यात, म्हणजे काटकोनात, न आणता ठोकल्यामुळे बिघडली. खालची प्लेट (चौकटीचे तळचे आडवे लाकूड) आधी सुताने मारलेल्या रेषेवर टाचावी, मग दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते अगदी सारखे येईपर्यंत वरची प्लेट हातोड्याने सरकवावी. २४ फूट लांब आणि ८ फूट उंच चौकटीचा कर्ण २५ फूट साडेतीन इंचांच्या किंचित वर येतो, पण त्या आकड्याला महत्त्व नाही. दोन कर्णांत फरक नसणे महत्त्वाचे. त्यानंतर एक तिरकी पट्टी तात्पुरती ठोकून चौकट जखडावी आणि मगच पहिला तक्ता ठेवावा. आणि नुसती चौकट उभी केली तर चाळीस इंचांच्या बोळात बाहेरून सायडिंग कोण ठोकणार?

खटपट_काका

चाळीस इंचांत माणूस उभा राहतो. मी राहिलो आहे.

रंधा

उभा राहतो, पण शिडी तिरकी लागत नाही.

रेघोट्या

मी पोर्टलँडमध्ये वास्तुविशारद म्हणून काम करते. सायडिंग किती इंचांवर थांबवावे, यापेक्षा कितीतरी मोठे दोन प्रश्न इथे कुणी विचारलेले नाहीत.

पहिला हद्दीचा. ते ४० इंच कुंपणापर्यंत आहेत की मालमत्तेच्या हद्दीपर्यंत? कुंपण म्हणजे हद्द नव्हे; ते कित्येकदा फूटभर इकडेतिकडे असते. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार बाहेरची भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत येत असेल, तर ती सहसा एक तासाच्या अग्निरोधाची असावी लागते, आणि तीन ते पाच फुटांच्या दरम्यान खिडक्यादारांची उघडी जागा भिंतीच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. न्हाणीघराची एक लहान खिडकी त्यात बसेल, परंतु अशा भिंतीवर बाहेरून बहुतेक वेळा पाच अष्टमांश इंची टाइप एक्स (आगीत जास्त वेळ टिकणाऱ्या) जिप्समचा थर दाखवलेला असतो. तुमच्या मंजूर आराखड्यातला भिंतीचा छेद काढून पाहा.

दुसरा तपासणीचा. तुमचा भाग भूकंपप्रवण असल्यामुळे ओएसबीचे खिळे किती अंतरावर आहेत, हे निरीक्षक तपासतात. कडांना ६ इंच आणि मधल्या स्टडवर १२ इंच हे नेहमीचे प्रमाण असले, तरी तुमच्या अभियंत्याने कडांना याहून जवळ मागितले असण्याची शक्यता आहे. खिळ्यांचे डोके तक्त्यात घुसलेले असेल तर तो खिळा हिशेबात धरला जात नाही. हे पाहून झाल्याशिवाय त्यावर हाउसरॅप किंवा सायडिंग चढवले, तर सगळे काढून दाखवायला सांगू शकतात. निरीक्षक आडवी भिंत तपासायला तयार आहेत का, हे तुम्ही फोन करून विचारले आहे का?

पाटण_ते_प्युजेट

विचारले नव्हते. आत्ता आराखडा काढून पाहिला. हद्दीपर्यंतचे अंतरही ४० इंचच आहे, सर्वेक्षणाची खूण कुंपणाच्या खांबालगतच आहे. छेदात जिप्समचा एक थर आतून आणि एक बाहेरून, ओएसबीवर, दाखवलेला आहे. मी दोन्ही आतलेच समजत होतो.

रंधा

मग आता वजन मोजा. टू-बाय-सिक्सची चौकट सुमारे ५०० पौंड, ओएसबीचे सहा तक्ते २८० च्या आसपास, पाच अष्टमांश जिप्सम जवळजवळ ५००, फायबर सिमेंट ४५० ते ४८०, आणि वर खिडकी. म्हणजे पावणेदोन हजार पौंड, सुमारे ८०० किलो. खालची कड जमिनीवर टेकलेली असल्यामुळे सुरुवातीला वरच्या कडेला त्याच्या निम्मा भार येतो. चार मित्र आणि तुम्ही मिळून पाच जणांनी ४०० किलो कमरेपर्यंत उचलायचे आणि मग डोक्यावर नेताना पकड बदलायची. हे करू नका. दोन वॉल जॅक (भिंत उचलण्याची यंत्रे) भाड्याने आणा, त्यावर लिहिलेली क्षमता वाचा, आणि माणसे फक्त टेकू धरायला ठेवा. वारा असेल तर त्या दिवशी भिंत उचलूच नका. तक्ते ठोकलेली भिंत म्हणजे शीडच असते.

स्लॅब की लाकूड, हे तुम्ही अजूनही सांगितलेले नाही.

कारवी

विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. आमच्या आजोळी कोकणात पडवीचा कूड आधी खळ्यात आडवा बांधत. कारवीच्या काठ्या जवळजवळ मांडून वेलींनी आवळत आणि मग दोघेजण तो उचलून मेढींच्या मध्ये बसवत. माती आणि शेण यांचे लिंपण मात्र कूड जागेवर गेल्यावरच होई. एकदा मामाने घाईने आडवाच लिंपला होता. उचलताना मध्ये झोल पडला आणि अर्धे लिंपण अंगणात गळाले. फायबर सिमेंटला उचलताना असा झोल सोसतो का?

रंधा

हा प्रश्न विषयाबाहेरचा अजिबात नाही. झोल दोन जॅकच्या मध्ये आणि टोकांना पडतो. म्हणून जॅक अगदी टोकांना न लावता, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्शावर, म्हणजे पावणेपाच ते पाच फुटांवर लावावेत आणि वरची दुहेरी प्लेट आधीच ठोकून घ्यावी. सायडिंगचे सांधे स्टडवरच यावेत. जिप्समवरून ठोकताना खिळेही लांब हवेत, नाहीतर ते स्टडपर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत. हाउसरॅप लावल्यावर स्टड दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्या रेषा सुताने वर उतरवून घ्याव्यात.

पाटण_ते_प्युजेट

खाली काँक्रीटचा स्लॅब आहे. तो ऑगस्टमध्येच ओतून झाला. यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते. कडेने अँकर बोल्ट (प्लेट जखडण्यासाठी काँक्रीटमध्ये रोवलेले) आहेत.

खटपट_काका

अहो, हेच तर सगळ्यात आधी सांगायला हवे होते!

रेघोट्या

बोल्ट असल्यामुळे सगळी पद्धत बदलते. लाकडी फ्लोअरवर भिंत बिजागरीसारखी फिरवतात : बाहेरच्या कडेपासून साडेपाच इंच, म्हणजे प्लेटच्या रुंदीइतके, आत रेषा मारायची, खालची प्लेट तिथे तिरक्या खिळ्यांनी टाचायची आणि भिंत फिरून बरोबर कडेशी येते. स्लॅबवर मात्र त्याच साडेपाच इंचांच्या पट्ट्यात अर्धा इंची बोल्ट उभे असतात, सहा फुटांपेक्षा जवळ आणि प्लेटच्या टोकांपासून फूटभराच्या आत. भिंत फिरत असताना प्लेटमधले छिद्र तिरके येते, त्यामुळे ते बोल्टवर बसत नाही आणि बोल्ट प्लेटला जाऊन अडतो.

ओळंबा

मग बोल्ट कापून टाकावेत आणि भिंत उभी झाल्यावर स्लॅबमध्ये भोके पाडून नवे अँकर बसवावेत. काँक्रीटमध्ये नंतर अँकर बसवणे आमच्याकडे रोजचे काम आहे.

रेघोट्या

अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय नाही. कडेपासून पावणेतीन इंचांवर भोक पाडल्यास स्लॅबची कड फुटू शकते आणि तपासणीत ते अडते. ओतलेले बोल्ट आहेत तेच वापरावेत.

रंधा

मी हे एकदा केले आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बोल्ट किती वर आले आहेत ते मोजा. अडीच इंच असतील असे धरतो. प्लेट स्लॅबवर उभ्या बोल्टांच्या आत टेकवून गुण्याने प्रत्येक बोल्टची खूण तिच्यावर घ्या आणि छिद्रे किंचित मोठी पाडा. काँक्रीटला टेकणारी प्लेट प्रक्रिया केलेल्या लाकडाचीच हवी. भिंत थेट स्लॅबवर न बांधता फोर-बाय-फोरच्या ओंडक्यांवर आडवी बांधा. त्यांची खरी जाडी साडेतीन इंच असते, म्हणजे फिरताना प्लेट बोल्टांच्या वरून जाते. दोन बोल्टांच्या मधल्या जागेत त्याच लाकडाचे तुकडे ठेवा, म्हणजे उभी झालेली भिंत त्यांच्यावर विसावेल.

आता धोका असा की, प्लेट टाचलेली नसल्यामुळे भिंत उचलताना तिचा पाय बाहेर सरकू शकतो. त्यासाठी प्लेटला पट्टे बांधून ते आतल्या बाजूला स्लॅबमध्ये घट्ट अडकवा. वरचा भाग कुंपणाकडे कलंडू नये म्हणून दोन्ही टोकांच्या स्टडना लांब टेकू आधीच एकेका खिळ्यावर लोंबते ठेवा. उभी झाली की टेकू ठोका, ते थोडे सैल राखा, आणि पहारीने एका टोकापासून थोडे थोडे उचलत पातळ पाचरी काढत भिंत बोल्टांवर उतरवा. हात प्लेटखाली अजिबात घालू नये.

एवढ्या वजनाची भिंत पहारीने उतरवायची असेल, तर सायडिंगचा हट्ट सोडलेला बरा, असे मलाही आता वाटू लागले आहे.

खटपट_काका

मी हेच सुरुवातीला म्हणालो होतो.

रंधा

तुम्ही शीदिंगही नको म्हणाला होता, काका.

रेघोट्या

मधला मार्ग आहे. २४ फुटांची एक भिंत न बांधता १२ फुटांचे दोन भाग करावेत. प्रत्येकाचे वजन निम्मे होते आणि छिद्रे जुळवायला तीनचारच बोल्ट उरतात. सांधा दोन शेजारच्या स्टडवर घ्यावा, वरची दुहेरी प्लेट त्याच्यावरून चार फूट पलीकडे जाईल अशी नंतर ठोकावी आणि सांध्यावरचा तक्ता कसा ठोकायचा हे अभियंत्याला विचारून घ्यावे. त्या सांध्यावरचे जिप्सम आणि सायडिंग बोळातूनच लावावे लागेल, पण ते दोन-तीन फुटांच्या पट्ट्याचे काम आहे. खटपट_काकांच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यापुरता माणूस चाळीस इंचांत उभा राहू शकतो. भूकंपप्रवण भागात बोल्टवर तीन इंची चौकोनी वॉशर लागतात. त्यांच्या आड स्टड येत नाही ना, हेही आधीच पाहावे.

ओळंबा

स्लॅबवर भराभर लाकडी घरे उभारण्याचे उदाहरण म्हणून लाँग आयलंडवरचे लेव्हिटाउन आम्हाला शिकवले होते. १९४७ पासून चारपाच वर्षांत १७,००० हून जास्त घरे, आणि लाकूड आधीच मापात कापून जागेवर येई. तेव्हा माझा लाकडाला विरोध आहे असे कुणी समजू नये. वाळवीचे मात्र पाहा.

पाटण_ते_प्युजेट

सर्वांचे आभार. शनिवार रद्द केला आहे. मित्र पुढच्या शनिवारी येतील.

निरीक्षकांना फोन केला. ते गुरुवारी येऊन आडव्या भिंतीवरचे खिळे पाहायला तयार आहेत, मात्र ओएसबीवर दुसरे काहीही चढवलेले नसावे, अशी त्यांची अट आहे. आराखड्यात कडांना ४ इंचांवर खिळे मागितले आहेत, आणि मी एका तक्त्याला ६ वर ठोकले होते. ते काल रात्री दिव्याच्या उजेडात पुरे केले. बोल्ट मोजले, सव्वादोन ते अडीच इंच वर आहेत. एक मात्र तिरका ओतला गेला आहे, त्याचे छिद्र लांबट करावे लागेल का, हे अभियंत्याला विचारले आहे. भिंतीचे दोन भाग करीत आहे. जिप्सम, हाउसरॅप आणि खिडकी आडवे असतानाच लावीन. सायडिंग वरच्या साडेपाच फुटांवर आधी ठोकीन आणि खालचे अडीच फूट मोकळे ठेवीन, कारण तेवढे बोळात बसून लावता येते आणि वजनही कमी होते.

एक विचारायचे राहिले. खालून वर न जाता असे मधूनच सायडिंग सुरू केले, तर खालची शेवटची पट्टी वरच्या पट्टीच्या आत सरकवताना तिचे खिळे कुठे मारायचे?

रंधा

वरच्या पट्टीला खालच्या कडेजवळ खिळे मारू नका, फक्त वरच्या कडेजवळ मारा. म्हणजे खालची सव्वा इंच आत सरकते. ती सरकवल्यावर वरची पट्टी आणि ती मिळून एकच खिळा, वरच्या पट्टीच्या खालच्या कडेपासून पाऊण इंचावर, दिसेल असा मारावा लागेल. तो रंगवून टाका. त्या बोळात तो कुणाला दिसणार नाही.

खटपट_काका

शेजाऱ्याला दिसेल.