एलपीए टाकल्यावर न्यूराइट आत का ओढले जातात?

प्रश्न
एन१ई-११५ या उंदराच्या चेता-ट्यूमरच्या पेशींवर काम करतेय. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) काढून घेतलं की छान लांब न्यूराइट (चेतापेशीचे धाग्यासारखे फाटे) फुटतात, पण एलपीए (लायसोफॉस्फॅटिडिक अॅसिड) टाकलं की काही मिनिटांत टोकाचा पंखा मिटतो, मग अख्खा न्यूराइट मागे सरकतो आणि पेशी वाटाण्यासारखी गोल. एलपीए तर लिपिड, म्हणजे चरबीसारखा रेणू आहे ना, मग ते सरळ पेशीच्या पडद्यात शिरूनच गडबड करत असेल, यात त्याला ओळखणारा रिसेप्टर कशाला हवा?

उत्तर १
मीपण आधी असंच समजायचो, लिपिड म्हटलं की पडदाच आठवतो. पण एलपीएला फॅटी साखळी एकच आणि डोक्यावर फॉस्फेटचा ऋण भार, त्यामुळे ते अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून फिरतं आणि पडद्यातून सहज पलीकडे जात नाही. शिवाय नॅनोमोलर डोसला परिणाम दिसतो, एवढ्याशाने पडदा काय विस्कटणार. मला सगळ्यात जास्त पटली ती बी१०३ या दुसऱ्या चेता-ट्यूमरच्या पेशींची गोष्ट, त्यांना एलपीएचे रिसेप्टर नसतात म्हणून त्या ढिम्म बसतात, पण एलपीए१ या रिसेप्टरचं जनुक आत घातलं की त्याच पेशी एलपीएने गोल होतात. हा रिसेप्टर १९९६ मध्ये वाढत्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये सापडला होता.
पुढचं काम जी१२/१३ चं, म्हणजे रिसेप्टरचा निरोप आत नेणाऱ्या जी-प्रथिनांचं. ते आर-एच-ओ-ए (थोडक्यात रो, एक स्विचसारखं प्रथिन) ला जागं करतं, रो मग रॉक या कायनेजला (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम), आणि मग मायोसिन हे मोटार-प्रथिन अॅक्टिनच्या धाग्यांना खेचतं, नाडी ओढल्यावर पिशवीचं तोंड आवळतं ना, अगदी तसं.

उत्तर २
वरचं बरोबर, फक्त एक भर घालते. लिपिड कुठलं यापेक्षा पेशीवर रिसेप्टर कुठला आहे ते बघ. एस१पी (स्फिंगोसिन-१-फॉस्फेट) हे एकच लिपिड, पण एस१पी२ या रिसेप्टरवर बसलं तर रो मार्गाने आकुंचन आणि एस१पी१ वर बसलं तर जीआय हे दुसरं जी-प्रथिन, मग रॅक हे रोच्याच कुळातलं प्रथिन, आणि पडदा उलट पुढे पसरतो. मला तर हे फारच सुंदर वाटतं.
आणि ताई, एलपीएशिवाय नुसतं अल्ब्युमिन टाकलेली एक डिश ठेवच, तेही फॅटी अॅसिड काढलेलं घे. सीरममध्ये मुळातच एलपीए असतं, म्हणून तर ते काढल्यावर तुझे न्यूराइट फुटतात.

प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचे! काल वाय-२७६३२ या रसायनाने रॉक आधी अर्धा तास बंद केलं आणि मग एलपीए टाकलं, न्यूराइट जागचे हलले नाहीत. अल्ब्युमिनवाल्या डिशमध्येपण सगळे शाबूत. आता सी३ टॉक्सिनने रोच अडवून बघते, पण ते आत शिरायला वेळ घेतं म्हणून आदल्या दिवशीच टाकावं लागेल.