मदत हवी आहे: निम्म्या तिरंदाजांना शत्रू उघडा दिसतो, निम्म्यांना आडोशाला, फासे कसे टाकायचे?

मंडळी, वॉरहॅमर फँटसी बॅटल या टेबलावर छोट्या बाहुल्यांनी (मिनींनी) खेळायच्या युद्धखेळाची आठवी आवृत्ती (२०१०) खेळणारं कुणी आहे का इथे? आम्ही रत्नागिरीत पडवीत टेबल मांडतो. चालू डाव एका नियमावर अडलाय.

माझे हाय एल्फ तिरंदाज दोन रांगांत. लाँगबोचा (लांब धनुष्याचा) पल्ला ३० इंच, समोरची मावसभावाची ऑर्कांची तुकडी १५ च्या, म्हणजे निम्म्या पल्ल्याच्या पलीकडे, म्हणून फाशावर लांबच्या पल्ल्याचा उणे १. मध्ये घर आहे (जांभ्या चिऱ्याचा तुकडा तासून केलंय, मिनींना लाल धूळ लागते, पण दिसतं झकास). डावीकडच्या तिरंदाजांना तुकडी जवळजवळ उघडी आहे. उजवीकडून डोळा लावून पाहिलं तर निम्म्याहून जास्त ऑर्क भिंतीआड, म्हणजे हार्ड कव्हर (भक्कम आडोसा), उणे २.

तिरंदाजांचं बॅलिस्टिक स्किल (नेमबाजीचं कौशल्य) ४, म्हणजे मुळात ३+ (फाशावर ३ किंवा जास्त पडलं की बाण लागतो). माझ्या मते डावीकडच्यांनी ४+ वर आणि उजवीकडच्यांनी ६ वर, असे वेगळे फासे टाकावेत. मावसभाऊ म्हणतो, तुकडी एक तर आडोसाही एकच, सगळ्यांना ६. अरे, पल्ला प्रत्येक मिनीपासून मोजतोस, मग आडोसा का नाही? तर म्हणे, "पुस्तकात दाखव." हरत असला की त्याला पुस्तक आठवतं.

आणखी एक. नुसता झेंडा किंवा भाला दिसला तर मिनी दिसली असं धरत नाहीत, ते ठाऊक आहे. पण कोपऱ्यातून फक्त कोपर डोकावत असेल तर?

टेबल हलवलेलं नाही. गणपतीची साफसफाई निघायच्या आत सांगा, मग आई कुणाचं ऐकणार नाही.