थ्री-नॉट-थ्रीच्या डाव्या अंगाला ही आकड्यांची पट्टी कसली?

खाडीकाठचे_सर
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो, एनसीसीही बघतो. आमच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, बारा डीपी (फक्त कवायतीच्या) रायफली आहेत, सगळ्या जुन्या थ्री-नॉट-थ्री. खंडेनवमीच्या आत त्या उघडून पुसायच्या हा माझा नेम. चार महिने पावसात, खाऱ्या हवेत, बंद खोलीत लोखंडाचं काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

यंदा सात नंबरची पुसताना बॅकसाइटच्या (नळीवरच्या, नेम धरायच्या मागच्या खुणेच्या) थोडं पुढे, डाव्या बाजूला, लाकडात बसवलेली लोखंडी पट्टी बोटाला लागली. इतकी वर्षं काळ्या थराखाली ती दिसलीच नव्हती. रॉकेलचा बोळा फिरवला तर बारीक आकडे उमटले, शेवटचा २८. एक स्क्रू आहे, त्यावर काहीतरी फिरत असावं, ते आता नाही. बाकी अकरा रायफलींवर असलं काहीच नाही. बॅकसाइट तर वर आहेच, मग बाजूला हे आकडे कशाला?

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. "जादा तुकडा आहे, काढा आणि भुसा-सरस भरून टाका" असा तोंडी सल्ला मिळालाय. माझा हात धजत नाही. ज्यानं लाकूड इतकं नेमकं कोरलं, त्यानं ते उगाच केलेलं नसणार.

आर्मरर_खेड
सर, पट्टीला हात लावू नका! मी पलटणीत हत्यारं दुरुस्त करण्यात उमेद घालवली, म्हणून कळकळीनं सांगतो. आधी एक बघा. बटाच्या (मागच्या लाकडी दस्त्याच्या) पुढे, बोल्टच्या (गोळी आत ढकलणाऱ्या खिट्टीच्या) दांडीखाली, उजव्या बाजूला लोखंडावर काय कोरलंय? आणि मॅगझिनच्या वर आडवी सरकणारी पातळ पट्टी आहे का?

वेंगुर्लेकर
आमच्या शाळेत पण तशी एक होती. आमी पोरां तेका घड्याळ म्हणू. आर्मररकाका, सांगा लवकर, माका पण कळूंदे.

खाडीकाठचे_सर
काका, आत्ताच बघून आलो. मुकुट, जी.आर. ही अक्षरं, एन्फिल्ड, १९१२ आणि खाली रोमन तीन. सरकणारी पट्टी आहे, जाम झाली होती, तेल सोडल्यावर हलली. आणखी एक, बाकीच्या अकरांवर रोमन तीनच्या पुढे चांदणी कोरलीय. हिच्यावर नाही.

आर्मरर_खेड
त्या चांदणीतच सगळं आलं. तुमची सात नंबरची म्हणजे मूळ मार्क तीन, हा नमुना १९०७ चा. पट्टी आहे ती लांब पल्ल्याच्या साइटची तबकडी. आकडे शेकड्यांत, म्हणजे २८ म्हणजे २८०० यार्ड, अडीच किलोमीटरच्या वर. एवढ्या लांबवर एका माणसावर नेम धरायचा नसे. अख्खी तुकडी हुकमावर एकदम फैर झाडायची, समोरच्या जमावावर गोळ्यांचा सडा पडावा म्हणून. स्क्रूवर एक काटा फिरायचा, टोकाला मणी. मागे सेफ्टीच्या खटक्यापाशी, डावीकडेच, भोकाची उभी दांडी असायची. भोकातून मणी बघायचा. वरची बॅकसाइट २००० यार्डांपर्यंतच.

पहिल्या महायुद्धात लढाई खंदकांत आली, लांबच्या माऱ्याला मशीनगन होत्या, आणि रायफली तर लाखांनी हव्या होत्या. म्हणून १९१६ पासून ही साइट, ती सरकणारी पट्टी, सगळं वगळून बनवायला लागले. तीच चांदणीवाली. जुन्यांवरचेही काटे पुढे काढून टाकले, तबकडी मात्र लाकडात राहून गेली. सरकणारी पट्टी आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहायच्या आणि शिपायानं एकेक गोळी हातानं भरायची.

आता काळजीचं. पॉलिश पेपर मारू नका, आकडे जातील. रॉकेल पुरे झालं, ते पुसून काढा आणि हत्याराचं तेल चिंदीवर घेऊन हलकं फिरवा. लाकडाला जवसाचं कच्चं तेल, अगदी थोडं, तळव्यानं चोळून. खोबरेल कुणालाही लावू देऊ नका. कोकणात बाटली हाताशी असते म्हणून लावतात, पण ते चिकट होऊन धूळ धरतं.

खाडीकाठचे_सर
काका, आमच्या शिपायानं खोबरेलच लावलं होतं, तो काळा थर त्याचाच! आज सगळं पुसून काढलं. दांडी नाही, पण सेफ्टीपाशी तिची जागा दिसते.

एक गोष्ट मात्र समजेना. पल्ला वाढतो तसा काटा वर जायला हवा, पण तबकडीवर तर तो खाली येणार असं दिसतं. मग माडाच्या झापातला हीर सोलून काटा केला, दोऱ्यानं स्क्रूला धरला, टोकाला मेणाचा मणी. मागे अंगठा-बोटाचं भोक करून नववीतल्या एका कॅडेटला बघायला लावलं. हीर २८ वर आणला नि त्याला म्हटलं, भोकातून मणी समोरच्या सुरूच्या शेंड्यावर आण. मणी खाली गेलेला, त्यामुळे तो शेंड्यावर आणायला पोराला नळीचं तोंड चांगलंच वर उचलावं लागलं. "सर, ही तर आभाळाकडं चाललीय!" असं ओरडला तो. उद्या वर्गात कोन शिकवायला हेच उदाहरण घेणार आहे.

रजिस्टरात सात नंबरपुढे 'मार्क ३, १९१२, लांब पल्ल्याच्या साइटची तबकडी मूळची, काढू नये' अशी नोंद केलीय. तपासणीला येतील त्यांना आधी हीच दाखवणार.

वेंगुर्लेकर
कसला घड्याळ तां आज कळला! सर, हिराचो फोटो टाका.