थर्मोस्टॅटआधी रेडिएटर बघा

गाडी कुंभार्ली घाट चढताना तापते, चिपळूणच्या बाजारातल्या गर्दीत मात्र तापमानाचा काटा जागचा हलत नाही, असं तुम्ही म्हणताय. इथे आधी उत्तर दिलेल्या बहुतेकांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बदला म्हटलंय, मला ते पटत नाही. तो बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी बाजारातही तापली असती. गर्दीत तापत नाही म्हणजे पंखाही चालतोय.

माझा संशय रेडिएटरवर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीवर आहे. घाटात इंजिनवर जोर येतो, तेव्हाची जास्तीची उष्णता खराब रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. आपली खारी हवा त्याच्या बारीक पत्र्या खाऊन टाकते. पुढून एसीचा कंडेन्सर आड येतो, म्हणून मागून, पंख्याच्या बाजूने बॅटरी मारून बघा. बोट लावताच पत्र्यांची पांढरी भुकटी पडली तर रेडिएटर गेला समजा. कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवायचं खास द्रव) विहिरीचं पाणी ओतलं जात असेल तर गंज आणि क्षार धरून आतल्या नळ्याही चोंदतात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासा. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असतानाच करा, गरम असताना झाकणाला हात लावू नका. आणि गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याची शंका घ्या. मग घाट चढूच नका, गाडी टो करून न्या.