शुगर-बीपी नॉर्मल, तरी वजनापायी जादा प्रीमियम का?

राधिका: नवऱ्याची मेडिक्लेम काढतोय. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६ आहे पण शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, लिव्हर सगळं नॉर्मल, तरी कंपनीने लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावलं. ज्याला आजारच नाही त्याने आजाराचे पैसे आधीपासून का भरायचे? मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

शशांक: नाही पटलं. शुगर नाही म्हणजे खर्च नाही असं थोडंच असतं. माझ्या आईला कधीच शुगर-बीपी नव्हतं, वजन मात्र नव्वदीच्या पुढे, शेवटी दोन्ही गुडघे बदलावे लागले. शरीराचं एक किलो वजन वाढलं की चालताना गुडघ्यावर साधारण चार किलो भार वाढतो. २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातलीय, पण खोलीचं भाडं, ओटी, घरी येणारा फिजिओ, वॉकर, कमोडची खुर्ची, दिवसभराची बाई, हे सगळं कोण धरतं? शिवाय पित्ताचे खडे, झोपेत श्वास अडकणं (स्लीप अ‍ॅप्निया), त्यासाठीचं सीपॅप मशीन. आणि हृदयाचंही आहेच, ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा रिपोर्ट नॉर्मल असलेल्या लठ्ठ माणसांतही हार्ट फेल्युअरचा धोका जवळपास दुप्पट निघाला. मग कंपनीने जादा पैसे मागितले तर बिघडलं कुठे?

राधिका: गुडघ्यांचं मान्य. पण मग वजन उतरवायलाही पैसे द्या ना! बहुतेक पॉलिसींत बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा (वजन उतरवायच्या ऑपरेशनचा) खर्च कधी मिळतो, तर बीएमआय ४० किंवा त्यावर असेल तेव्हा, नाहीतर ३५ किंवा त्यावर असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारी शुगर असेल तेव्हा. म्हणजे आमच्या घरी ३६ आहे, लोडिंग आत्ता भरायचं आणि उपचारासाठी शुगर बिघडायची वाट बघायची?

मंदार: राधिकाताईंना अनुमोदन. नुसता बीएमआय बघून काय कळतं? २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानेही सांगितलंय की कंबरेचा घेर बघा, वजनामुळे अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालीवर परिणाम झालाय का ते बघा, मग आजार म्हणा.

शशांक: मंदार, त्याच गटाने आत्ता त्रास नसला तरी पुढचा धोका असतो हेही म्हटलंय. विमा पुढच्या धोक्याचाच असतो. सर्जरीची अट मात्र चुकीची आहे, तिथे ताई बरोबर.

राधिका: मग गुडघ्यांचा एक्सरे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्लीप स्टडी सगळं आम्ही स्वखर्चाने करून देतो, ठीक आलं तर लोडिंग काढा. असं कुणाला करून मिळालंय का? असेल तर प्रोसेस लिहा प्लीज, आम्हाला लवकर ठरवायचंय.