गूगलला दंड ठोकून खरंच काही फरक पडतो का?

सातपूरचा_कोडर: नाशकात बसून छोटी अ‍ॅप्स बनवणाऱ्या आमच्यासारख्यांना मक्तेदारीवर नजर ठेवणारा सरकारी स्पर्धा आयोग म्हणजे नुसती पेपरातली बातमी. ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरवर गूगलचंच पेमेंट वापरायची सक्ती केली म्हणून आयोगाने गूगलला 936.44 कोटी दंड ठोकला, सगळे खूश, मार्च 2025 ला अपिलात तो 216.69 कोटींवर आला. आणि बदललं काय तर दुसरं पेमेंट वापरा म्हणे, मग कमिशन 4 टक्क्यांनी कमी, म्हणजे 15 चे 11 आणि 30 चे 26, त्यात पेमेंट गेटवेवाल्याचे वेगळे द्यायचे. हातात उरलं काय, डोंबल? या कायद्याने असल्यांना वेसण बसत नसते.

गंगापूररोड_वकील: दादा तुम्ही आकड्यातच अडकलात. दंड दुय्यम, आदेश बघा. त्याच महिन्यात अँड्रॉइडच्या केसमध्ये 1337.76 कोटी लागले, जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली आणि लगेच गूगलने जाहीर केलं की मोबाइल कंपन्यांनी गूगलच्या अ‍ॅप्सचा पूर्ण गठ्ठा न घेता सुटी अ‍ॅप्स घेतली तरी चालतील. अपिलात काही निर्देश उडाले, मान्य, पण तो दंड पूर्ण टिकला. कायदा नसता तर हे प्रेमाने दिलं असतं का?

सातपूरचा_कोडर: वकीलसाहेब, मार्च 2024 आठवतो का? फी वरून गूगलने नोकरी, भारत मॅट्रिमोनी वगैरेंची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून सरळ काढून टाकली होती. परत आली ती मंत्र्यांनी मीटिंग लावल्यावर. आयोग कुठे होता तेव्हा?

निफाडचा_कांदेवाला: मला कायद्यातलं फार कळत नाही पण एक सांगतो. 2023 ला कांद्यावरच्या 40 टक्के निर्यात शुल्कावरून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले, हाल आमचे झाले, तरी बाजार समिती वेगळी अन् व्यापारी वेगळा म्हणून भांडायला दार तरी होतं. इथं गूगलकडे यार्ड त्यांचं, काटा त्यांचा, अन् यार्डात माल पण त्यांचाच. मग गुन्हा झाल्यावर वर्षानुवर्षं चौकशी करून काय उपयोग, नियम आधीच पाहिजे ना. युरोपने मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठी असा नियम केलाच की, मार्च 2024 पासून लागू आहे. आपला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा पण त्याच महिन्यात आला अन् पडून राहिला.

गंगापूररोड_वकील: आधीच नियम केले की उद्या आपलीच वाढती कंपनी त्यात सापडते, हे पण बघा. अमेरिकेत मक्तेदारीच्या केसमध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा आदेश 2000 ला झाला, 2001 ला अपिलात उडाला, पण त्यानंतर ती कंपनी जरा जपून वागायला लागली आणि तेवढ्यात गूगल वाढलं. केस हरली-जिंकली एवढंच नसतं हो. आणि स्पर्धा कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने दंड जागतिक उलाढालीवर लावता येतो, अ‍ॅपल त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलीये, उगाच नाही.

पंचवटी_गृहउद्योग: मला तर गूगल मॅपवरून फुकटात गिऱ्हाईक मिळतं बाई, मोडतोड कशाला? अमेरिकेत पण सप्टेंबर 2025 ला जजने गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाहीच ना.

सातपूरचा_कोडर: ताई, त्याच कोर्टाने 2024 ला गूगलला इंटरनेट सर्चमधला बेकायदा मक्तेदार ठरवलं होतं. मक्तेदार ठरवायचं आणि क्रोम मात्र त्यांच्याकडेच ठेवायचं, मी तेच तर म्हणतोय. आणि फुकट म्हणताय, पण शेजारचा जाहिरातीचे पैसे भरून तुमच्या वर दिसायला लागला की तुम्ही काय करणार?